बाबांना आता सगळं माहीत आहे

१

हे कोणाला सांगायचं नाही, असं आईने मला बजावलं आहे. म्हणजे अर्धं सांगायला परवानगी आहे. बाबा आईला वेल्ह्याच्या पुढे एका चहाच्या टपरीवर विसरून पुण्याला आले, हे आमच्या सगळ्या नातेवाइकांना माहीत आहे. माझे उत्तरेश्वरकाका तर ते हॉटेलात वेटरलासुद्धा सांगतात. "आमच्या सुदर्शनला बिल नंतर द्या हो, आधी त्याने बायको बरोबर आणलीय का ते बघा." सगळे हसतात. आईही हसते, म्हणजे ओठ तेवढे हलवते.

सांगायचं नाही ते उरलेलं अर्धं. ते असं, की येताना बाबा एकटे नव्हते.

मला चार लोकांत बोलता येत नाही. वर्गात उत्तर येत असलं तरी मी हात वर करत नाही. त्यामुळे मी गप्प बसेन याची घरात सगळ्यांना खात्री आहे. त्याचाच मला जास्त राग येतो. भीती वाटते ती वेगळी.

२

आम्ही धायरीत राहतो, तिसऱ्या मजल्यावर. बाबा नऱ्ह्याच्या एका कारखान्यात क्वालिटीत आहेत. सुट्ट्या भागावर केसाएवढा चरा असला तरी त्यांना दिसतो, आणि ते तो परत पाठवतात. हे मुद्दाम लिहिते आहे. आई बुधवार पेठेत एका पुस्तकांच्या दुकानात काम करते आणि साडेसहा-सातला घरी येते.

एक रविवार सोडून एक रविवार आई-बाबा बुलेटवर फिरायला जातात. हायवेने नाही, आतल्या रस्त्यांनी. बाबांचं म्हणणं, हायवेला काय, नुसते ट्रक बघायचे. सकाळी साडेसहाला निघायचं, खडकवासला, खानापूर, पाबे घाट चढून वेल्ह्याला उतरायचं, कुठेतरी डबा खायचा आणि नसरापूरवरून पाचपर्यंत परत. मी लहान होते तेव्हा टाकीवर बसून जायचे. आता दहावी आहे, म्हणून घरी.

त्यांची निघायची एक पद्धत आहे. आई मागे बसली, नीट बसली, की बाबांच्या डाव्या खांद्यावर दोनदा थोपटते. मग बाबा गिअर टाकतात. बाबा मागे वळून बघत नाहीत. हेल्मेटमध्ये मान वळवायचा त्यांना कंटाळा येतो. वाटेत बाबा बोलत असतात आणि आई "हं" म्हणत असते. वाऱ्यात तिला अर्धं ऐकूच येत नाही, असं तिनेच मला सांगितलं आहे.

त्या रविवारी, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, आईने चहाच्या टपरीजवळ उकडतंय म्हणून जॅकेट काढून सीटवर टाकलं, हेल्मेट आरशाला अडकवलं आणि टपरीच्या मागे एका घरी बाथरूम आहे का विचारायला गेली. ती परत आली तेव्हा गाडी नव्हती.

बाबांचं म्हणणं, खांद्यावर दोनदा थोपटलं गेलं. म्हणून ते निघाले.

३

पाच वाजायला दहा मिनिटं कमी असताना मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

"उत्कर्षा, बाबा पोचले का गं?" आईचा आवाज. ती चिडली की फार शांत बोलते, तशी बोलत होती. "मला इथे सोडून गेलेत. पर्स, फोन, सगळं गाडीच्या बॅगेत. दीड तास वाट बघितली. आत्ता टेकडीवर आल्यावर कुठे रेंज मिळाली. बाबा फोन उचलत नाहीत."

मागून एका बाईचा आवाज येत होता. ती टपरीवाली सरुबाई, हे नंतर कळलं. फोन तिचाच होता. ती म्हणत होती, "अवो, ती बाई बसून गेली की गाडीवर. म्या ह्या डोळ्यांनी बघितलंय. मग ह्या कोन हायेत?"

"बघ, ऐक," आई म्हणाली. "मघापासून हेच चाललंय. मला चहा द्यायला तयार नव्हती. माझ्या पायांकडे बघते आहे."

तेवढ्यात मला खालून गाडीचा आवाज आला. बाबांच्या गाडीचा आवाज मी झोपेतही ओळखते. मी फोन कानाला लावूनच गॅलरीत गेले. गाडी आमच्या गल्लीत वळत होती.

मागे आई बसली होती.

तिचं राखाडी जॅकेट, निळं हेल्मेट, एक हात बाबांच्या खांद्यावर. फक्त दोन्ही पाय एका बाजूला सोडलेले. आई कधीच अशी बसत नाही. लग्न झालं तेव्हा साडी नेसून बसायची म्हणे, पण मी बघितलेली आई दोन्हीकडे पाय टाकून बसते.

"हॅलो? पोचले का?" आई फोनवर म्हणाली.

"पोचले," मी म्हटलं.

"त्यांना सांग, आता इथपर्यंत येऊ नका. मी जीपने नसरापूरपर्यंत येते, तिथे भेटा."

गाडी पार्किंगमध्ये शिरली आणि गॅलरीखाली दिसेनाशी झाली. ती उतरताना मी बघितली नाही. बघायला हवं होतं, आणखी थोडं वाकले असते तर दिसली असती. मी वाकले नाही.

४

आमची लिफ्ट जुनी आहे. जाळीचं दार नीट लागलं नाही तर तिच्यातली बाई सारखी बोलत राहते. कृपया दरवाजा बंद कीजिए. कृपया दरवाजा बंद कीजिए. कोणी दार लावेपर्यंत ती थांबत नाही, आणि अख्खी बिल्डिंग शिव्या देते.

लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली. जाळी सरकली. मग ती बाई बोलायला लागली.

मी आतून दाराला टेकून उभी होते. बेल वाजेल म्हणून थांबले. बेल वाजली नाही. पावलं वाजली नाहीत. फक्त कृपया दरवाजा बंद कीजिए. मी स्वतःला समजावलं, की लिफ्टमधून समोरच्या फ्लॅटमधलं कोणीतरी आलं असेल. पण ते लोक लग्नाला नागपूरला गेले होते. मग मी समजावलं, की कोणीतरी चुकून बटण दाबलं असेल. मग दाराच्या भोकातून बघितलं. लिफ्टमधला दिवा दिसला. बाकी कोणी नाही.

थोड्या वेळाने बाबा जिन्याने वर आले. लिफ्टचं दार लावण्याचा आवाज आला आणि ती बाई गप्प झाली. मी दार उघडलं.

"आई आली ना वर?" बाबा हसत म्हणाले. "आज काय मूड होता तुझ्या आईचा! काय गप्पा मारल्या येताना!"

मी फोन पुढे केला. आई अजून लाइनवरच होती.

दाराबाहेर चपलांचं कपाट आहे. त्यावर आईचं हेल्मेट ठेवलेलं होतं, पट्ट्याचा खटका लावलेला. शेजारी जॅकेट. त्याची चेन गळ्यापर्यंत लावलेली होती. चेन न उघडताच कोणी ते अंगातून काढून ठेवावं, तसं.

बाबा फोनवर "काय? काय म्हणतेस? अगं पण" असं म्हणत दारातच उभे होते. दार किती वेळ उघडं होतं, हे मला आठवत नाही.

५

त्या संध्याकाळी आई घरी आल्यावर जे भांडण झालं ते मी माझ्या खोलीतून ऐकलं. ऐकायचं नव्हतं, पण आमच्या घरात भिंती नावालाच आहेत.

"अगं, तू बोलत होतीस माझ्याशी," बाबा म्हणत होते.

"मी टेकडीवर रेंज शोधत होते."

"मी काय वेडा आहे का? नसरापूरपासून कात्रजपर्यंत बोलत होतो आपण."

"काय बोलत होतो आपण?"

बाबांनी सांगायला सुरुवात केली आणि मध्येच त्यांचा आवाज हळू झाला. तिने त्यांना प्रश्न विचारले होते. चहाचा डबा कुठे असतो. उत्कर्षा दूध कसं घेते. ती कितवीत आहे. मला, म्हणजे आईला, कुठली भाजी आवडत नाही. दुपारी घरी कोण असतं.

"आणि हे मी विचारतेय असं तुम्हाला वाटलं?" आई म्हणाली. "माझ्याच घरातलं? मी?"

"तूच म्हणतेस ना नेहमी, तुम्हाला घरातलं काडीचं माहीत नसतं. मला वाटलं, परीक्षा घेतेयस."

"मग? पास झालात?"

बाबांनी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

"सांगा ना, काय उत्तरं दिलीत."

चहा लाल झाकणाच्या डब्यात. उत्कर्षा दूध घेते, दोन चमचे साखर घालून. नववीत आहे. तुला शेपू आवडत नाही.

मी खोलीत बसून ऐकत होते आणि माझे कान तापले. लाल झाकणाच्या डब्यात दोन वर्षं मेथीदाणे आहेत. दूध मी सहावीत सोडलं. माझी बोर्डाची परीक्षा तीन महिन्यांवर आली आहे आणि बाबांच्या हिशेबी मी नववीत. शेपू बाबांनाच आवडत नाही, म्हणून आई करत नाही, आणि दुकानातल्या मैत्रिणीच्या डब्यातली खाते.

"आणि दुपारी घरी कोण असतं?" आईने विचारलं.

"उत्कर्षा. शाळेतून आल्यावर साडेसहापर्यंत एकटीच असते, म्हटलं."

हे एकच उत्तर बरोबर होतं.

"आवाज कसा होता तिचा?" आईने विचारलं.

"तुझाच. म्हणजे, वारा होता."

"माझा आवाज कसा आहे, ते तरी सांगा."

मग आई माझ्या खोलीत आली. मला झोप लागलेली नाही हे तिला माहीत होतं. "विसरून आले, एवढंच," ती म्हणाली. "बाकीचं कोणाला सांगायचं नाही. अर्शियालासुद्धा नाही." अर्शिया पहिल्या मजल्यावर राहते, माझ्याच वर्गात आहे. "लोक त्यांना वेड्यात काढतील. आणि मला त्याहून वाईट काहीतरी म्हणतील."

एक चरा सुटत नाही म्हणे बाबांच्या नजरेतून.

६

मंगळवारी मी एक वाजता शाळेतून आले तर माझ्या टेबलावर दूध होतं. पेल्यावर झाकणी. गरम. मी बोट बुडवून चाटलं. साखर होती, भरपूर.

मी आईला फोन केला. ती म्हणाली, "मी दुकानात आहे. कसलं दूध?"

बुधवारी लाल झाकणाच्या डब्यात चहा होता. मेथीदाणे ओट्यावर एका वाटीत काढून ठेवले होते, एकही दाणा न सांडता. शुक्रवारी माळ्यावर रद्दीसाठी सुतळीने बांधलेली माझी नववीची पुस्तकं टेबलावर मांडलेली होती. सुतळीची नीट गुंडाळी करून ठेवली होती.

मी बाबांवर संशय घेतला. मनाला लागलं असेल, म्हणून मधल्या सुट्टीत घरी येऊन काहीतरी करून जात असतील. नऱ्हं लांब नाही. मी त्यांना विचारलं. त्यांनी मला मोबाइलमध्ये हजेरीची नोंद दाखवली, आणि "तुला झोप पुरत नाही," म्हणाले. आई म्हणाली, "प्रिलिम जवळ आली की असं होतं. दूध मीच सकाळी विसरून ठेवलं असेल." सकाळचं दूध दुपारी एकला गरम कसं राहील, हे तिलाही कळत होतं. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

मग मी एक प्रयोग केला. शनिवारी रात्री बाबा एकटे असताना मी म्हटलं, "बाबा, मला आजकाल दुधात सुंठ घातलेली आवडते." हे खोटं होतं. सुंठीच्या वासाने मला मळमळतं. आईला हे सांगितलं नाही, कोणालाच नाही. बाबा "बरं" म्हणाले आणि मोबाइल बघत बसले. मला वाटलं, ऐकलंही नसेल.

सोमवारी दुपारी दारातच सुंठीचा वास आला.

मी ते दूध बेसिनमध्ये ओतून दिलं आणि पेला विसळून पालथा घातला. भीतीपेक्षा मला रागच जास्त आला होता. जे बाबांना माहीत, तेवढंच तिला माहीत. माझी आवड, माझं वय, माझी शाळा, सगळं बाबांच्या डोक्यात जेवढं आहे तेवढंच. आणि ते इतकं थोडं होतं!

७

घरात मी तिला एकदाच बघितलं. म्हणजे तेव्हा तरी एकदाच.

गुरुवारी शाळा लवकर सुटली. मी साडेअकराला आले. लॅच उघडला तेव्हा स्वयंपाकघरातून आवाज येत होता, डब्यांची झाकणं उघडल्याचा आणि लावल्याचा. एक उघडायचं, थोडा वेळ शांतता, मग लावायचं. मग पुढचं. घाई नाही. नव्या घरात गेल्यावर माणूस ओट्याशी उभं राहून करतं, तसं.

मी दप्तर न काढता पॅसेजमध्ये उभी राहिले. आई-बाबांच्या खोलीच्या कपाटाला आरसा आहे, आणि त्या खोलीचं दार अर्धं उघडं असलं की त्यात स्वयंपाकघराचा एक पट्टा दिसतो. त्या पट्ट्यात एक पाठ होती. आईचा मोरपंखी गाऊन. त्यावर वेणी.

कमरेपर्यंत वेणी. जाड, तेल लावून घट्ट घातलेली, खाली काळं रबर.

आईने केस कापले त्याला तीन वर्षं झाली. टायफॉइडनंतर गळायला लागले म्हणून मानेपर्यंत कापून आली, आणि त्या दिवशी तिने बाबांच्या समोरून चार वेळा फेऱ्या मारल्या होत्या. बाबा मॅच बघत होते. मग तिने विषय काढला नाही. मलाही काढू दिला नाही. "बघू या, कधी लक्षात येतंय," म्हणाली. पहिल्यांदा हसत म्हणाली होती.

वेणी हलली. ती मान वळवत होती.

मी बाहेर आले, लॅच ओढला आणि जिन्याने पहिल्या मजल्यावर अर्शियाकडे जाऊन आई येईपर्यंत बसले. अर्शियाच्या अम्मीने, कमरजहांआंटींनी, मला खिचडा वाढला आणि काही विचारलं नाही. त्या एका गोष्टीसाठी मी त्यांना कधी विसरणार नाही.

८

इथून पुढचं सगळ्यांना चांगलं वाटतं. मला एकटीला वाटत नाही.

बाबा सुधारले.

आईने त्यांच्याशी आठ दिवस कामापुरतं बोलणं ठेवलं होतं, ते त्यांना लागलं. त्यांनी एक वही केली. कारखान्यात करतात तशी, रकाने आखून. वस्तू, जागा, शेवटची तपासणी. रोज जेवण झालं की ते ओट्याशी उभे राहून म्हणायचे, "चहा स्टीलच्या डब्यात, गॅसच्या डावीकडे. मेथीदाणे लाल झाकण. हळद मिसळणाच्या डब्यात, जादाची खाली." आई हसायला लागली. खरं हसायला.

माझ्या खोलीत येऊन बाबांनी माझे विषय विचारले, बाईंची नावं विचारली, मैत्रिणी कोण, कुठल्या बाकावर बसतेस. मी खोटं सांगायला लागले. तिसऱ्या बाकावर बसते. गणित आवडतं. कारलं आवडतं. पण बाबा ते वहीत लिहून आईला दाखवायचे आणि आई म्हणायची, "काहीतरीच सांगते ती तुम्हाला. कारलं बघितलं तर पळते." आणि ती खोडून बरोबर लिहायची. माझ्या डोळ्यांदेखत.

"आई, नको ना सांगूस त्यांना," मी म्हटलं.

"का?"

मला चारचौघांत बोलता येत नाही. तिथे तर तिघंच होतो, तरी आलं नाही.

नाताळच्या सुट्टीत उत्तरेश्वरकाका जेवायला आले. बाबांनी त्यांना न विचारता मीठ आणून दिलं तर काका म्हणाले, "वा रे! वहिनी, याला दर वर्षी एकदा तुम्हाला कुठेतरी विसरून येऊ द्या." सगळे हसले. मग बाबा वाढणाऱ्या आईकडे बघत राहिले. जेवण थांबवून, डोकं जरा तिरकं करून, एखादा भाग हातात धरून बघावा तसे.

"तू केस कापलेस?" ते म्हणाले.

"तीन वर्षं झाली," आई म्हणाली. आणि तिचे डोळे भरून आले. काका टाळी वाजवत होते.

मी पानावरून उठले. मला ओरडायचं होतं, की बघू नका, नका बघू तिच्याकडे असं. पण असं कोणी ओरडतं का? नवरा बायकोकडे बघतो म्हणून?

त्यानंतर दूध बंद झालं. डबे हलायचे थांबले. पुस्तकं जागच्या जागी. आईला वाटलं, जे काही होतं ते गेलं. मला वाटलं, आता तिचं काही चुकत नाही, एवढंच.

मग एका बुधवारी आई चार वाजताच घरी आली. दुकानात बत्ती गेली होती, म्हणाली. मानेपर्यंत केस, खांद्याला पर्स. स्टीलच्या डब्यातला चहा केला, मला अर्धा कप दिला. मी इतिहासाच्या प्रिलिमला घाबरले होते, ते तिने ओळखलं. माझ्या मागे बसून केस विंचरले, तेल लावून चापून वेणी घातली. मी तिला कितीतरी दिवसांचं साठलेलं सांगितलं. ती मध्ये मध्ये विचारत होती. "तू लहानपणी मला काय म्हणायचीस गं? मी रडले की तुला कसं कळतं?" मी सांगत गेले. मला इतकं बरं वाटत होतं. सहा वाजता ती भाजी घेऊन येते म्हणून खाली गेली.

सात वाजता लॅच वाजला. आई आली, घामेजलेली, चप्पल भिरकावत. "लक्ष्मी रोडला काय ट्रॅफिक गं! पावणेसहाला निघालेय मी. तुझी वेणी कोणी घातली?"

मी अर्शियाने घातली म्हणाले.

इतके दिवस मी बाबांवर चिडले होते. पन्नास किलोमीटर त्यांना कळलं नाही म्हणून. मला दोन तास कळलं नाही, आणि चहा पिताना तर मी तिच्याकडे तोंड करून बसले होते.

९

काल शनिवारी मी आईला सगळं सांगितलं. प्रयोग, वेणी, बुधवार, सगळं. आज ते दोघं फिरायला जाणार होते, त्या रविवारनंतर पहिल्यांदाच. माझ्याकडे वेळ नव्हता. बाबा खाली गाडी धूत होते.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अठरा वर्षांत पहिल्यांदा ते माझ्याकडे बघतात, उत्कर्षा. कशामुळे बघतात, ते मला नको सांगूस. आणि कोणालाच सांगू नकोस."

"आणि उद्या तुझ्याऐवजी ती आली तर?"

तिने माझा हात हातात घेतला. "मग आपण एक प्रश्न ठरवून ठेवू. तुझ्या-माझ्यातला. बाबांना माहीत नसलेला. उद्या मी आले की दार उघडायच्या आधी तू मला तो विचार. उत्तर बरोबर आलं तरच उघड." तिने प्रश्न सुचवला, उत्तरही तिनेच सुचवलं. आम्ही दोघी हसलो. मला रात्री झोप लागली.

सकाळी ते गेले. निघताना तिने खांद्यावर दोनदा थोपटलं, आणि बाबांनी मान पूर्ण मागे वळवून बघितलं. कधी नव्हे ते. मग तिने वर बघून हात केला.

आत्ता पाच वाजून पाच मिनिटं झाली आहेत. गाडी आली. लिफ्टही वर आली, जाळी नीट लागली. दाराशी बाबांचा आवाज आहे, आणि आईचा. दोघं कशावरून तरी हसत आहेत. बेल वाजली. मी दाराला आतून कडी लावून ठेवली आहे.

"उत्कर्षा, अगं किती वेळ? विचार की तुझा प्रश्न," आई म्हणते आहे.

मी उठतेच आहे. प्रश्न मला पाठ आहे, उत्तरही पाठ आहे. फक्त एक आठवून बघते आहे. काल आम्ही तो ठरवला तेव्हा गॅलरीत ऊन होतं, म्हणजे चार-साडेचार वाजले असतील, आणि शनिवारी आईचं दुकान सातपर्यंत असतं. मग काल ती दारातून आली होती, की मी खोलीतून बाहेर आले तेव्हा आधीपासूनच